पावसाळ्यात काम नाही, की कामच आटलंय?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारा २९ वर्षांचा, कोल्हापूरचा. पुण्यातल्या एका स्टुडिओत चार वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी परत आला आणि घराच्या माडीवरच्या खोलीला फोम लावून स्वतःचं काम सुरू केलं. पॉडकास्टचं एडिटिंग, ऑडिओबुक, दुकानांच्या जिंगल, गणपतीत सजीव देखाव्यांचे ट्रॅक, निवडणूक असली की प्रचाराचं रेकॉर्डिंग. जूनपासून फोन जवळजवळ बंद आहे. दिवसभर मेल बघायचा, मिक्सिंगचे व्हिडिओ बघायचे. मेमध्ये सेल लागला म्हणून ११ हजारांचे प्लगइन (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची जादा अवजारं) घेतले, ते अजून नीट उघडलेही नाहीत. तीन बिलांचे मिळून ४२ हजार येणं आहे. वडील ऊस लावतात, ते रोज म्हणतात नोकरी बघ. त्याचे प्रश्न असे की रेट कमी करू का, पुण्याला परत जाऊ का, स्वतःचा पॉडकास्ट काढू का, आणि "दादा, हा रिकामा वेळ सत्कारणी कसा लावायचा, रोज रात्री वाटतं आजचा पण दिवस वाया गेला."

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, पावसाळा लागला की मला अशीच पत्रं येतात, फोटोग्राफरची, मांडववाल्यांची, मेकअप करणाऱ्या पोरींची. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधलं एक वाक्य दिसलं जे तू सहज लिहून पुढं गेलायस. "गेल्या पावसाळ्यात एवढं जाणवलं नव्हतं कारण पुण्याचा तो पॉडकास्ट चालू होता, तो मार्चमध्ये त्यांनी त्यांच्याच ऑफिसात करायला घेतला." हे वाक्य आता तूच परत वाच बघू. म्हणजे पावसाळा गेल्या वर्षीपण असाच होता, त्याच्या आदल्या वर्षीपण असाच असणार. यंदा जे वेगळं झालंय ते पावसामुळं नाही, तुझं एक मोठं गिऱ्हाईक गेलंय म्हणून झालंय, आणि ते जूनमध्ये नाही, मार्चमध्येच गेलंय. एप्रिल-मे लग्नसराईत आणि दुकानांच्या जाहिरातीत निघून गेले म्हणून कळलं नाही इतकंच.

या दोन दुखण्यांना औषध वेगवेगळं आहे. हंगाम नसेल तर थांबायचं असतं आणि डागडुजी करायची असते. गिऱ्हाईक गेलं असेल तर थांबून काही होत नाही, दुसरं शोधावं लागतं. तू दोन्हीला एकच नाव दिलंयस, 'स्लो पिरियड', आणि मग रोज रात्री स्वतःला शिव्या घालतोयस.

म्हणून सगळ्यात आधी एक वही घे. ॲप नको, एक्सेल पण नको, वहीच घे. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट काढ, बिलं काढ, आणि छत्तीस महिने एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर काम कुणाचं केलं आणि किती रुपयांचं केलं ते मांड. पैसे कधी आले ते नाही, काम कधी केलं ते. इथंच सगळे फसतात, कारण गणपतीचं काम ऑगस्टमध्ये केलेलं असतं आणि मंडळाचे पैसे दिवाळीत येतात, मग स्टेटमेंट बघून वाटतं नोव्हेंबर लय भारी गेला. दुसरं म्हणजे निवडणुकीची जेवढी कामं असतील त्यावर सरळ रेघ मार. ती कमाई तुझीच आहे पण ती दरवर्षीची नाही, लॉटरीसारखी आहे, ती धरून महिन्याची सरासरी काढलीस तर तू कायम स्वतःला गरीब झालेला वाटशील. हे मी अनुभवानं सांगतोय. कॅसेटच्या जमान्यात मी रिक्षावरच्या प्रचाराची रेकॉर्डिंग करायचो, एका निवडणुकीत एवढे पैसे आले की मी त्या जोरावर नवीन टेप डेक हप्त्यावर घेतला, आणि पुढची दीड वर्षं त्या हप्त्यांसाठी लोकांच्या बारशाला टेबल-माइक लावत फिरलो.

वही झाली की तुला दिसेल की काही महिने तिन्ही वर्षं पडलेलेच आहेत. ते तुझे बंद महिने. आणि काही ठिकाणी एकाच नावाखाली निम्म्याहून जास्त रक्कम दिसेल. ती खरी काळजीची जागा.

आता बंद महिन्यांचं बोलूया. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे उसाचं गाळप सुरू झालं, की चार-पाच महिने ते आम्हाला झोपलेलेच दिसायचे, तिन्ही पाळ्या, मशीन थांबवायचं नाही म्हणजे नाही. त्यांच्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा. चालू हंगामात एखादा बेअरिंग कुरकुरला, एखादा पाइप झिरपायला लागला, तात्पुरतं काहीतरी करून मशीन चालू ठेवायचं आणि त्या जागेवर खडूनं फुली मारायची. हंगाम संपला की सगळी मिल खोलायची आणि फुल्या शोधत फिरायचं. मी लहानपणी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा बघितलंय, ते जमिनीवर पोतं अंथरून नटबोल्ट ओळीनं मांडून बसले होते, प्रत्येक रॉकेलमध्ये बुडवून फडक्यानं पुसत होते, आणि कारखान्यात एवढी शांतता होती की धुरांड्यावरच्या कबुतरांचा आवाज खाली येत होता. त्यांना त्या महिन्यांत कधी वाटलं नाही की दिवस वाया गेला. कारण काय करायचं ते हंगामातच ठरलेलं होतं, खडूनं लिहिलेलं होतं.

तुझी अडचण आळशीपणाची नाहीये, तुझ्याकडं फुल्याच नाहीत. सकाळी उठून "आज काय प्रॉडक्टिव्ह करू" असं रिकाम्या डोक्यानं विचारलं की हात आपोआप मोबाइलकडं जातो. तूच पत्रात लिहिलंयस की एक केबल मान वाकवली की खरखर करते म्हणून गेल्या गणपतीत तिला लाल टेप लावून बाजूला टाकली. ती अजून तिथंच असणार, पैज लावतो. ही झाली तुझी पहिली फुली. बाकीच्या आठवून लिही. गेल्या हंगामात रात्री दोन वाजता कुठल्या गोष्टीनं डोकं फिरलं होतं? प्रोजेक्टच्या फोल्डरला 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल' अशी नावं होती का? बॅकअप एकाच हार्ड डिस्कवर होता का? प्रत्येक पॉडकास्टला ईक्यू, कॉम्प्रेसर (आवाजाचा पोत आणि चढउतार सारखा करायची सेटिंग) नव्यानं लावत बसलास का, तयार टेम्पलेट नसल्यामुळं? कोट द्यायला सांगितलं की दरवेळी नव्यानं मेसेज टाइप केलास का? ही सगळी कामं पावसाळ्याची. आणि यंदा गणपती सुरू झाले की भिंतीला एक कागद चिकटव, वर लिही 'हंगामानंतर', आणि त्यावर फुल्या मारत जा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये मला पत्र लिहायला लागणार नाही.

बॅकअपचं जरा जास्त बोलतो कारण मी त्यात भाजलोय. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठंपर्यंत आली ते तू बघितलंयस, तेव्हा 'घराबाहेर' म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या तळमजल्यावर नको. एक तासाचं मोनो रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला साधारण अर्धा जीबी होतं, म्हणजे जागेचं रडगाणं पण फार मोठं नाही. आणि माडीवरच्या खोलीत आता आर्द्रता किती असेल ते सांगायला नको, कंडेन्सर माइक उघडा ठेवू नको, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, फोमला वास यायला लागला असेल तर ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढ. माझी डिस्क गेली तेव्हा त्यात एका म्हाताऱ्या शाहिराचे साडेतीन तास होते. ते नंतर पुन्हा गाऊ शकले नाहीत. जाऊ दे.

प्लगइनचं. ११ हजार गेले ते गेले, त्याबद्दल ओरडत नाही. पण काम नसताना सामान घेणं म्हणजे भूक नसताना खाऊगल्लीत जाऊन उभं राहणं. नवीन काही शिकायचंच असेल तर एक गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून शीक. उदाहरणार्थ तू ऑडिओबुक करतोस, तर मोठ्या इंग्रजी प्लॅटफॉर्मची मापं एकदा वाच. एसीएक्सला (ॲमेझॉनच्या ऑडिबलसाठी ऑडिओबुक घेणारा प्लॅटफॉर्म) आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये लागतो, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे ३ च्या खाली, आणि नॉइज फ्लोअर, म्हणजे कुणी बोलत नसतानाची खोलीची कुजबुज, उणे ६० च्या खाली. तुझ्या माडीवर पत्र्यावर पाऊस पडत असताना उणे ६० मिळतो का ते मोजून बघ. मिळत नसेल तर कुठल्याही प्लगइनपेक्षा तो पत्रा आणि ती खिडकी हाच तुझा पुढचा खर्च आहे. मराठीत काम देणारे हे सगळं मागत नाहीत म्हणतोस, नसतील मागत, पण मापात काम देणाऱ्याची फाइल परत येत नाही एवढं नक्की.

रेट. नको कमी करू. कारण साधं आहे, जूनमध्ये जो निम्म्या दरात येतो तो नोव्हेंबरमध्येपण निम्माच देतो, आणि चार जणांना सांगतो. त्यापेक्षा काम लहान कर. पूर्ण एपिसोडचं बजेट नसेल तर फक्त आवाज साफ करून देतो, म्युझिक-इंट्रो नाही, एकच करेक्शन, इतके रुपये. दर तोच राहतो, ताट लहान होतं. जुन्या माणसाला अगदीच मदत करावीशी वाटली तर बिलावर पूर्ण रक्कम लिही आणि खाली सूट दाखव, म्हणजे खरी किंमत त्याच्या डोळ्यासमोर राहते.

ते ४२ हजार. भावा, तू म्हणतोस काम नाही, मी म्हणतो झालेल्या कामाचेच पैसे नाहीत. या महिन्यातलं सगळ्यात जास्त पगाराचं काम म्हणजे ही वसुली. मंडळ असेल तर फोन नको, संध्याकाळी जाऊन बस, चहा होईल, खजिनदार समोर असला की 'बघतो' म्हणायला त्यालाही जड जातं. कंपनी असेल तर बिलाची तारीख लिहून मेल कर. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसशील तर कर, ऑनलाइन आहे, फुकट आहे, पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार कर. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याज, असा कायदा आहे. काम घ्यायच्या आधी नोंदणी असलेली बरी, आणि बिलावर तो नंबर छापलेला असला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले जरा सरळ बोलतात. मंडळापुढं आणि कोपऱ्यावरच्या सोनारापुढं मात्र कायदा काढून काही होत नाही, त्यांच्याकडून निम्मे आधी घ्यायचे. लाजायचं नाही, मांडववाला लाजतो का?

नवीन काम शोधायचं तर बंद महिन्यांत लोक तुला काम देणार नाहीत हे खरं, पण पुढच्या कामाचं ठरवायला त्यांना वेळ याच दिवसांत असतो. सजीव देखाव्याचंच घे. दरवर्षी काय होतं? गणपती बसायला चार दिवस राहिले की मंडळाची पोरं रात्री अकराला येतात, स्क्रिप्ट मोबाइलवर, त्यातली दोन पानं अजून यायचीत, महाराजांचा आवाज काढणारा कार्यकर्ता घसा बसलेला, आणि सकाळी ट्रॅक पाहिजे. तू आषाढातच चार मंडळांच्या कट्ट्यावर जा. म्हण, श्रावणात रेकॉर्डिंग करूया, आवाज चांगले मिळतील, तालीम करायला पोरांना ट्रॅक हातात मिळेल, आणि शेवटच्या आठवड्यात आलात तर दर दीडपट. दोघं ऐकतील, दोघं ऐकणार नाहीत, पण त्या दोघांमुळं तुझा पडलेला महिना भरला. तसंच शाळांचं. स्नेहसंमेलनाची गाणी कापून जोडून देणं हे काम डिसेंबरात सगळ्यांना एकदम पाहिजे असतं, कल्चरलच्या बाईंना आत्ता भेटलास तर त्या तुझा नंबर वहीत लिहून ठेवतील. सोनार, साडीवाले दसरा-दिवाळीचं आत्ताच ठरवत असतात.

आणि जुन्या गिऱ्हाइकाला "काही काम आहे का सर" असा मेसेज टाकू नको. त्याला 'नाही' सोडून दुसरं उत्तरच नाही. त्यापेक्षा त्याच्याच जुन्या एपिसोडमधला खराब अर्धा मिनिट घे, साफ कर, आधीचा आणि नंतरचा आवाज एकापाठोपाठ लावून पाठव. खाली दोनच ओळी. डेमो पण असाच कर, पाच मिनिटांची सरमिसळ कोण ऐकत नाही, पॉडकास्टवाल्याला पॉडकास्टचा, जिंगलवाल्याला जिंगलचा, मिनिटभराच्या आत, आणि सगळ्यात चांगलं पहिल्या दहा सेकंदांत. पुण्याच्या त्या पॉडकास्टवाल्यांशी भांडला नाहीस ना? तर त्यांनापण पाठव. घरात करायला घेतलेलं काम सहा महिन्यांत अंगावर येतं बऱ्याच जणांच्या.

पुण्याला परत जायचं का. जाण्यात हार वगैरे काही नाही, हे आधी डोक्यातून काढ. पण नोकरी किंवा माडी असे दोनच रस्ते नाहीत. तुझ्या जुन्या स्टुडिओत डबिंगचं, डायलॉग एडिटिंगचं ओव्हरफ्लोचं, म्हणजे त्यांना न झेपणारं, काम असतं, ते घरी बसून होतं, आणि रेकॉर्डिंगला महिन्यातून तीन-चार दिवस जाणं म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. वहीतला महिन्याचा घरखर्च धर, गाठीला किती महिन्यांचा आहे ते बघ. दिवाळीपर्यंत त्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी तीन लहान आली नाहीत आणि गाठ तीन महिन्यांच्या खाली गेली, तर जा. आत्ता घाबरून जाऊ नको आणि तेव्हा हट्टानं थांबू नको.

पॉडकास्ट काढू का म्हणतोस. दर आठवड्याला एक असा काढू नको, गणपती आले की बंद पडेल आणि वाईट वाटत राहील. सहाच भागांचा कर, सहाही रेकॉर्ड झाल्याशिवाय एकपण टाकू नको. विषय तुझ्या दारात आहेत. पहिला मराठी बोलपट १९३२ साली याच गावात तयार झाला, आणि आज याच गावात आवाजाचं काम करणाऱ्या पोराला घरचे विचारतात हे काय काम आहे! स्टुडिओंच्या दिवसांच्या आठवणी घरात ऐकलेले लोक अजून पेठांमध्ये आहेत, तालमीतले वस्ताद आहेत, चप्पल बनवणारे आहेत. पावसाळ्यात ते घरात असतात, बोलायला मोकळे असतात. रेकॉर्डिंग कुठं वापरणार ते सांगून परवानगी घे, बोलायच्या आधी त्याच खोलीतला अर्धा मिनिट नुसता शांत आवाज रेकॉर्ड कर, एडिटला जीव वाचतो. गुऱ्हाळ मात्र आत्ता मिळणार नाही, ते थंडीत, तेव्हा तू कामात असशील. तेही भिंतीवरच्या कागदावर लिही.

आता वडिलांचं, जे तू पत्रात शेवटी लिहिलंस पण मला वाटतं तेच पहिलं आहे. तू लिहिलंस की "त्यांना फ्रीलान्स कळत नाही." अरे, तुझे वडील ऊस लावतात! आडसाली लागण केली तर सोळा-अठरा महिने एक पैसा येत नाही, तोड कधी येईल ते त्यांच्या हातात नाही, बिल हप्त्याहप्त्यानं, तेसुद्धा मागं लागून. अनियमित पैशावर घर कसं चालवायचं हे त्या माणसाला तुझ्या यूट्यूबवरच्या सगळ्या गुरूंपेक्षा जास्त कळतं. त्यांना कळत नाही ते वेगळं आहे. त्यांना तुझं रान दिसत नाही. उसाचा फड दिसतो, किती वाढलाय दिसतं, तुझं काय दिसतं? दार बंद करून कानाला हेडफोन लावून बसलेला पोरगा. ती वही त्यांच्यासमोर ठेव. हे बंद महिने, हे चालू महिने, हे एक गिऱ्हाईक गेलं, हे येणं बाकी. आणि मग सल्ला माग, खरोखर माग. माझा अंदाज आहे ते नोकरीचं बोलायच्या आधी ४२ हजार कुणाकडं आहेत ते विचारतील आणि गाडी काढतील.

आणि त्यांना हेही विचार की उसाचं बिल आलं की ते वर्षभर कसं पुरवतात. कारखान्यात हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन मिळतं, पगाराचा काही भाग, म्हणजे माणूस दुसरीकडं जाऊ नये म्हणून. वडिलांचं ते यायचं तेव्हा आई त्यातून आमची शाळेची दप्तरं घ्यायची. तुला ते देणारं कुणी नाही, तर तूच दे. एक वेगळं खातं उघड, प्रत्येक बिलातला ठरलेला हिस्सा, पाचवा म्हण, त्यात टाक आणि बंद महिन्यांत एक तारखेला त्यातून स्वतःला ठरलेली रक्कम घे. यंदा ते खातं रिकामं आहे, यंदा ओढाताण होणारच, त्याला इलाज नाही.

दुपारी दोननंतर काही करू नकोस, हे पण लिहून ठेव. आठ महिने हेडफोन लावलेले कान आहेत, त्यांना सुट्टी दे. रंकाळ्यावर जा, पाऊस उघडला असेल तर.

केबलचं आजच कर. पिनच्या मानेपाशी वायर तुटली असणार, दोन इंच कापून परत सोल्डर मार. आणि रानात लागण सुरू झाली की वडिलांबरोबर एक दिवस रेकॉर्डर घेऊन जा, फक्त स्टँडच्या पायाखाली फळी ठेव, चिखलात रुततो.